फायबरच्या लँडलाईनवर रेडिओ वाजतो? फेराइट क्लिप, रिंग आणि मिनी यूपीएस: काही महिन्यांच्या वापरानंतर

परभणी आकाशवाणी मध्यम लहरीवर (मीडियम वेव्ह, म्हणजे एएम) १३०५ किलोहर्ट्झची. अशा केंद्राच्या जवळपास घर असेल आणि इंटरनेटवरची लँडलाईन घेतली असेल, तर रिसीव्हर उचलल्यावर मागं बारीक आवाजात बातम्या किंवा भावगीतं ऐकू येणं नवीन नाही. यात केंद्राचा काही दोष नसतो. घरातल्या वायरी ती लहर पकडतात आणि फोनपर्यंत आणतात. फोनमधल्या माईकच्या ॲम्प्लिफायरमधला ट्रान्झिस्टर मग नको असताना डिटेक्टरचं काम करतो, आणि लहरीवर चढवलेला आवाज वेगळा काढून कानात सोडतो. एफएमचं बोलणं असं ऐकू येत नाही, कारण त्यात मध्यम लहरीसारखी लहरीची उंची आवाजाबरोबर कमीजास्त होत नाही.

फायबर असेल तर अर्धी लढाई आधीच जिंकलेली असते. खांबावरून येते ती काच, तिच्यातून रेडिओ लहर विजेच्या रूपात घरात येऊच शकत नाही. म्हणजे जे काही घुसतं ते मोडेमच्या पुढं, आपल्याच चार भिंतींत. लाईनमनची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

काही विकत घ्यायच्या आधी आवाज नीट ऐका. बोलणं किंवा गाणं येत असेल तर मध्यम लहर. डिगडिग-डिगडिग असं तुटक येत असेल तर फोनशेजारी ठेवलेला मोबाईल टू-जीवर आहे, तो हातभर लांब ठेवला की संपलं. सलग घर्र असा आवाज लाईट गेल्यावर, इन्व्हर्टर चालू झाल्यावरच येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. दिवस उगवल्यावर सुरू होऊन मावळतीला बंद होणारा आवाज छतावरच्या सोलर इन्व्हर्टरचा, आणि संध्याकाळी बटण दाबलं की येणारा स्वस्त एलईडी बल्बचा. पण शब्द अर्धे गिळले जात असतील, आवाज यंत्रमानवासारखा होत असेल, तर तो रेडिओचा त्रास नव्हेच. ती इंटरनेटवर आवाजाचे तुकडे (पॅकेट) वाटेत हरवण्याची भानगड, तिला जगातली कुठलीही फेराइट रिंग (वायरीवरची रेडिओ लहर अडवणारं चुंबकीय मटेरियलचं कडं) चालत नाही. तिथं स्पीड वाढवूनही फरक पडत नाही, कारण एका कॉलला शंभर केबीपीएससुद्धा पुरतात. तक्रार नोंदवा आणि फेराइटचे पैसे वाचवा.

तपासायची रीत सोपी आहे. मोडेमच्या फोन पोर्टमधून घरातली सगळी वायरिंग काढा. मीटरभर वायरीनं एकच साधा फोन थेट पोर्टला लावा. आवाज गेला तर दोष वायरिंगचा, तसाच राहिला तर फोनचा किंवा मोडेमच्या पॉवर ॲडॅप्टरचा. मग मोडेम १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेऊन घराचा मेन स्विच पाडा आणि पुन्हा ऐका; आता आवाज थांबला तर तो घरातल्या विजेच्या उपकरणांमधून येतो. खिशातला एएम रेडिओ जवळ असला तर दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर लावून घरभर फिरवा. खरखर जिथं सगळ्यात मोठी, तिथं गुन्हेगार. हे एवढं केलं की पुढची खरेदी निम्म्यानं कमी होते.

आता वस्तूंकडे. पहिली, पाकिटात मिळणारी प्लॅस्टिकची फेराइट क्लिप. वायरीवर चाप बसवायचा, झालं काम, असं पाकिटावरच्या चित्रावरून वाटतं. एफएमच्या वरच्या लहरींवर तिचा थोडा उपयोग होतो, मध्यम लहरीवर जवळपास शून्य. वायर भोकातून एकदाच जाते तेव्हा १.३ मेगाहर्ट्झला मिळणारा अडथळा फार तर वीस-पंचवीस ओहम. वायरीवर आलेल्या लहरीला तो जाणवतसुद्धा नाही. शिवाय या क्लिपा आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकत नाहीत. पश्चिमेच्या भिंतीवर असल्या तर मे महिन्यापर्यंत चाप ढिला पडतो, दोन अर्ध्यांमध्ये केसाएवढी फट राहते, तिच्यात धूळ बसते, आणि होता तो परिणामही जातो. ॲडॅप्टरच्या वायरीवर तीन-चार वेढे मारून लावली तर एलईडीची खरखर थोडी उतरते, तेवढंच तिचं काम.

दुसरी वस्तू म्हणजे अखंड रिंग, आणि या सगळ्यात खरे पैसे वसूल करणारी हीच. ३१ नंबरच्या (हा फेराइटचा एक प्रकार) मटेरियलची, बाहेरून ६१ मिलिमीटर, आतून ३५ मिलिमीटरच्या आसपास, जाडी साधारण १२.७ मिलिमीटर. तिची ताकद वेढ्यांच्या वर्गानं वाढते. एक वेढा पंचवीस ओहम धरला तर दहा वेढे अडीच हजार आणि चौदा वेढे पाच हजारांच्या जवळ. एवढा अडथळा आला की रेडिओ गप्प. फोनच्या दोन्ही तारा एकत्रच गुंडाळायच्या, म्हणजे बोलण्याचा प्रवाह एकीतून जातो आणि दुसरीतून परत येतो, रिंगच्या दृष्टीनं बेरीज शून्य. म्हणून आवाज बारीक होत नाही, घंटीही नेहमीसारखी वाजते.

गुंडाळताना घाई करू नका. एका वेढ्याला सहा-साडेसहा सेंटिमीटर वायर लागते, चौदा वेढ्यांना मीटरभर. तेव्हा दोन मीटरची चपटी फोन कॉर्ड घ्या. पिन भोकातून आरामात जाते, कापायची गरज नाही. वेढा मोजायचा तो वायर भोकातून किती वेळा गेली त्यावरून. वेढे शेजारी-शेजारी घ्या, एकावर एक चढवू नका, आणि सुरुवातीचं व शेवटचं टोक यांत बोटभर मोकळी जागा सोडा. दोन्ही टोकं चिकटली तर लहर रिंगला वळसा घालून थेट पलीकडे उडी मारते. रिंग फोनच्या अंगाला, चार-पाच सेंटिमीटरवर असावी. मोडेमकडच्या टोकाला लावली तर मधली वायर पुन्हा लहर पकडून फोनला देते. जागेवर केबल टाय मारा. आणि जपा. फेराइट चिनीमातीसारखं ठिसूळ असतं, शहाबादी फरशीवर पडलं की दोन तुकडे, आणि चिकटवून ते पहिल्यासारखं होत नाही. उन्हाळा-पावसाळ्याचा तिच्यावर काही परिणाम दिसत नाही.

भंगारातल्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून रिंग काढायची युक्ती चालते, पण रंग बघा. पिवळ्या-पांढऱ्या रंगाची रिंग लोखंडाच्या भुकटीची असते, या कामाला निरुपयोगी. वीज जिथून आत येते तिथल्या लाईन फिल्टरमधली काळपट किंवा हिरवी रिंग मध्यम लहरीला बऱ्यापैकी चालते. आकारानं लहान असल्यानं वेढे कमी बसतात, म्हणून दोन लागोपाठ लावाव्या लागतात.

जुन्या ब्रॉडबँडबरोबर मिळालेला डीएसएल फिल्टर मात्र कोणी लावा म्हटलं तर ऐकू नका. तो दोन तारांमधल्या संकेताला गाळतो. इथं लहर दोन्ही तारांवर एकसारखी येते आणि त्याच्या शेजारून निघून जाते.

रिंग लावूनही कानात कुजबूज उरली, तर ती बहुधा रिसीव्हरच्या कुरळ्या वायरीतून येते. ती वायर रिंगवर बसत नाही. साधी सरळ हँडसेट कॉर्ड घालून तिचे सहा-सात वेढे छोट्या रिंगवर घ्या. सोल्डरिंग येत असेल तर फोनच्या आत दोन लाईन तारांमध्ये ०.००१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाकता येतो, पण तो किमान ६३० व्होल्टचा असावा. घंटी वाजताना या तारांवर दीडशे व्होल्टपर्यंतचं शिखर जाऊ शकतं, तिथं ५० व्होल्टची टिकली टिकणार नाही. मायक्रोफॅरडचा आकडा वाढवून ०.१ चा टाकला तर बोलणंच बोदं होतं.

एक गोष्ट मात्र फुकटात सगळ्यात जास्त फरक पाडते. मोडेमचा फोन पोर्ट भिंतीतल्या जुन्या लँडलाईनच्या डबीत घुसवायचा, म्हणजे वरच्या खोलीतला फोनही चालतो, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. पण त्याच डबीला खांबावरून आलेली जुनी तांब्याची ड्रॉप वायर तशीच जोडलेली असते. १३०५ किलोहर्ट्झची लहर सुमारे २३० मीटर लांब, तिचा पाव भाग ५७ मीटर, आणि खांबापासून घरापर्यंतची ड्रॉप वायर पुष्कळदा त्याच आसपास भरते. याहून चांगला एरियल ठरवूनही बांधता आला नसता! डबी उघडा, बाहेरून येणाऱ्या दोन तारा सोडवा, टोकांना टेप मारा. आकाशात ढग असताना हे काम करू नका. वळवाच्या पावसात तीच वायर वीज घरात आणून मोडेम जाळते, म्हणून रेडिओ ऐकू येत नसला तरी ती सोडवलेली बरी. आतली वायरिंग बदलायची असेल तर चपट्या वायरीऐवजी लॅन केबलमधली एक पिळाची जोडी वापरा.

मिनी यूपीएसबद्दल मत संमिश्र आहे. भारनियमनात फोन चालू राहतो, हे खरं. १२ व्होल्ट २ अँपिअरचा घेतला तर मोडेमला पुरून उरतो. पण स्वस्तातल्या डब्यात ३.७ व्होल्टचे सेल समांतर (पॅरलल) जोडून ते व्होल्टेज १२ पर्यंत चढवणारं सर्किट असतं, आणि ते स्वतःच मध्यम लहरीवर कचकच करतं. लाईट असताना फोन स्वच्छ आणि लाईट गेल्यावर खरखर, असं झालं की इन्व्हर्टरला दोष देण्याआधी हा डबा तपासा. तीन सेल एकापुढं एक जोडलेला घेतला तर हा त्रास बराच कमी असतो. घेताना दुकानातच एएम रेडिओ शेजारी धरून बघा, दुकानदार हसला तर हसू द्या.