वॉकर म्हाताऱ्यांच्या मापाचा, पोट सातव्या महिन्याचं

वस्तू: ॲल्युमिनियमचा घडीचा वॉकर, बिनचाकी. परळच्या एका सर्जिकल दुकानातून १,१०० रुपयांना घेतला. सात महिने रोज वापरला. पाचपैकी साडेतीन तारे.

मी कराडची, ब्लाउज शिवते. पाचव्या महिन्यात डावा गुडघा दुखायला लागला, रात्री जास्तच. सगळ्यांनी शिलाई मशीनच्या पायडलवर खापर फोडलं, उरलेलं कॅल्शियमवर. एका दवाखान्यात तर ‘पोटुशी बाईचा एक्स-रे काढत नाही’ म्हणून परत पाठवलं. त्यात पाच आठवडे गेले, नुसतं मलम चोळत. गुडघ्याच्या एक्स-रेत बाळापर्यंत किरण जवळजवळ पोचतच नाहीत, हे मला पुढं कळलं. शेवटी पोटावर शिशाचा एप्रन टाकून तो काढला, मग डायचं इंजेक्शन न देता एमआरआय, मग मुंबईत टाटा कॅन्सर हॉस्पिटलला सुईची बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी. मांडीच्या हाडाचं खालचं टोक, ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर. २५वा आठवडा चालू होता. रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं बघून मी घाबरले, तर डॉक्टर म्हणाले, गरोदरपणात वारेमुळंही ते वाढतं, नुसत्या त्या आकड्यावर जाऊ नका.

आणि म्हणाले, डावा पाय जमिनीला टेकवायचा नाही. गाठीनं हाड पोकळ झालंय, मोडलं तर पाय वाचवणं अवघड. म्हणून हा वॉकर. कुबड्या का नाही? पोट पुढं आल्यावर तोल कुठं जातो हे ज्या बाईनं अनुभवलंय ती विचारणार नाही.

आता मालाबद्दल. वजनाला हलका, घडी एका बटणात. मी दुकानातच टेप लावून मापलं, दोन मुठींमध्ये १८ इंच. माणूस आत मावतो, पण पोट समोरच्या आडव्या दांडीला टेकतं. मग वॉकर लांब धरावा लागतो, हात ताणले जातात आणि मागं कलंडायची भीती. फिजिओच्या ताईंनी उंची एक भोक वर घेतली, तेव्हा जरा जमलं. घेताना आडवी दांडी खाली असलेलाच बघून घ्या. दुकानदार म्हणेल सगळे सारखेच असतात. नसतात.

मुठीचा फोम दुसऱ्या महिन्यात फाटला. एका पायावर उड्या मारत चालायचं म्हणजे सगळा भार तळहातांवर, त्यात बोटांना मुंग्या. मी जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून वर अस्तराचं कापड शिवलं, ते अजून टिकलंय. समोर फाइलीसाठी कापडी पिशवीही शिवली, कारण दोन्ही हात अडकल्यावर एक्स-रेची फिल्म दातात धरायची का? पिशवीत पाण्याच्या बाटल्या मात्र भरू नका, वॉकर पुढं झुकतो.

काळ्या-पिवळ्या टॅक्सीत डिकी सीएनजीच्या टाकीनं भरलेली. घडी घातलेला वॉकर मग आमच्या ह्यांच्या मांडीवर आडवा, तोंड खिडकीबाहेर.

केमो पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत, माझे ते उलटून गेले होते. आधी हृदयाची इको, मग २७ आणि ३० आठवड्यांना ॲड्रियामायसिन आणि सिस्प्लॅटिन. आयफॉस्फामाइड हे तिसरं औषध बाळंतपणानंतरसाठी राखून ठेवलं. मग केमो मुद्दाम थांबवली, म्हणजे बाळंतपणाच्या वेळेला माझ्या आणि बाळाच्या रक्तातल्या पेशी भरून आलेल्या असाव्यात. ३५व्या आठवड्यात सिझेरियन. मुलगी, दोन किलो शंभर ग्रॅम. सिस्प्लॅटिन कानांवर जातं म्हणून तिच्या कानांची तपासणी केली, ठीक निघाली. केमोत अंगावर पाजता येत नाही, दूध आटवायच्या गोळ्या घेतल्या. त्या आठवड्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

टाके ओले असताना वॉकर उचलायला पोटावर ताण येतो, तेव्हा चाकांचा हवा होता. अर्धा तारा तिथं गेला. एक तारा रबरी बुचांचा. दीड महिन्यात झिजतात आणि ओल्या फरशीवर सटकन निसटतात. माझा एकदा निसटला, नळाला धरलं म्हणून वाचले. जास्तीची चार बुचं त्याच दिवशी घ्या, सुटी घ्यायला गेलं की ‘माप मिळत नाही’ ऐकावं लागतं.

गाठ काढून आत धातूचा गुडघा बसवला, पाय राहिला. त्यानंतर तोच वॉकर, एक भोक परत खाली. आता काठीवर आले, पायडल उजव्या पायानं मारते. वॉकर धर्मशाळेत शेजारच्या खोलीतल्या मावशींना दिला. डावीकडचं पुढचं बटण अडकतं, ते कात्रीच्या मुठीनं दाबायचं, एवढं त्यांना दाखवून ठेवलंय.