पन्नास सर्व्हरचं ‘गोल्ड’ लायसन्स आणि एकावन्नावं मशिन

शुक्रवारी रात्री नवा बॅकअप सर्व्हर मॉनिटरिंगला, म्हणजे सगळ्या मशिनवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला, जोडला आणि तो मुकाट जोडला गेला. हिरवा झाला, ग्राफ काढायला लागला. आनंद व्हायच्या ऐवजी माझ्या पोटात गोळा आला, कारण ते एकावन्नावं मशिन होतं आणि आमच्याकडे होतं पन्नासचं लायसन्स. चारच दिवसांपूर्वी व्हेंडर समोर बसून म्हणाला होता, “सर, एकावन्नावं घेणारच नाही ते. प्लॅटिनमला जावंच लागेल.”

नाशिकला सातपूर एमआयडीसीतली आमची कंपनी, सुटे भाग बनवणारी. आयटीत मी आणि एक ज्युनिअर. 2022 मध्ये एका रात्री ईआरपीच्या (कंपनीचा सगळा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सर्व्हरची डिस्क भरली आणि सकाळी दहापर्यंत डिस्पॅच अडकला. साहेब म्हणाले, मॉनिटरिंग घ्या, आजच घ्या. घाईतच घोळ झाला. आमचा यूपीएसवाला व्हेंडर दुसऱ्या दिवशी कोटेशन घेऊन हजर. सिल्व्हर 25 मशिन, गोल्ड 50, प्लॅटिनम कितीही. आमची होती 42. सिल्व्हर घेऊन महत्त्वाची तेवढी लावावीत की गोल्डच घ्यावं, यावर आम्ही आठवडाभर डोकं खाजवलं. मुळात लायसन्स कुणाचं, हे एकानेही विचारलं नाही. गोल्ड घेतलं. वर्षाचे 1,85,000 आणि वर 18 टक्के जीएसटी.

त्या शुक्रवारी मग मॉनिटरिंगच्याच मशिनवर लॉगिन करून चालू प्रोसेसची यादी काढली. एकाखाली एक झॅबिक्स सर्व्हर, झॅबिक्स सर्व्हर. झॅबिक्स म्हणजे कुणालाही फुकट मिळणारं मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर. स्क्रीनवर मात्र वर्षभर व्हेंडरच्याच नावाचा निळा लोगो मिरवत होता. स्वतःचीच लाज वाटली ती पुढे. इन्स्टॉल करताना त्याच्या पोराने 10050 आणि 10051 हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचे दरवाजे, उघडायला सांगितले होते आणि फायरवॉलमध्ये ते मीच उघडून दिले होते. हे झॅबिक्सचे ठरलेले पोर्ट. तेव्हाच गूगल केलं असतं तर?

झॅबिक्स ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला. ते बनवणारी कंपनी लॅटव्हियातली, रिगाची. ती पैसे घेते सपोर्टचे आणि ट्रेनिंगचे. सिल्व्हर, गोल्ड ही नावं तिच्याकडेही आहेत, पण ती सपोर्टच्या पॅकेजांची; सॉफ्टवेअरला तसं लायसन्स नाही, मशिनची मर्यादाही नाही. लोगो बदलायची सोयसुद्धा त्यातच दिलेली आहे, त्यामुळे ते कामही पाच मिनिटांचं. आमच्याकडे 6.0 व्हर्जन होतं, जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सवर. जीपीएलखाली पैसे घेऊन सॉफ्टवेअर देणं हा गुन्हा नाही, हे आधीच सांगतो. त्याने ‘बसवून देण्याचे आणि वर्षभर सांभाळण्याचे’ म्हणून बिल लावलं असतं तर मी कुरकुर न करता पास केलं असतं, काम बरं केलं होतं त्याने. पण बिलावर लिहिलं होतं ‘लायसन्स, 50 सर्व्हर’. जी मर्यादा अस्तित्वातच नाही ती विकली, आणि वर ती वाढवायचे पैसे मागितले.

सोमवारी व्हेंडरला फोन केला. “मूळ कंपनीचं लायसन्स सर्टिफिकेट पाठवा.” आधी म्हणाला, आम्ही ओईएम पार्टनर (मूळ कंपनीचा माल आपल्या नावाने विकणारे) आहोत. मग म्हणाला, आमचं व्हर्जन वेगळं आहे. म्हटलं, मग वेगळ्या व्हर्जनचा सोर्स कोड द्या, जीपीएलप्रमाणे तो मागायचा हक्क आहे आम्हाला. त्यानंतर फोन उचलणं बंद. वकील म्हणाले, धंद्यासाठी केलेली खरेदी ग्राहक न्यायालयात सहसा टिकत नाही, दिवाणी दावा लावा. साहेबांनी हात जोडले.

खरी विकतची सॉफ्टवेअर घेतानाही टियर, म्हणजे सिल्व्हर-गोल्डसारखी पायरी, नीट बघावा लागतो, ते वेगळं. कुणी मशिन मोजतं, कुणी सेन्सर. पीआरटीजी या विकतच्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये सेन्सर, म्हणजे मशिनवरची एकेक तपासणी, मोजतात: सीपीयू एक, डिस्क एक, पिंग (मशिन जिवंत आहे का) एक. एका मशिनला साधारण दहा धरायचे असं तेच सांगतात, म्हणजे आमच्या 42 मशिनचे चारशेवर. 100 सेन्सरपर्यंत ते फुकट आहे, तेवढ्यात दहाएक मशिनवर पंधरा दिवस चालवून आपला आकडा आपणच काढता येतो. लायसन्स-की मूळ कंपनीच्या खात्यात आपल्या कंपनीच्या नावाने दिसते का, हे चेक सही व्हायच्या आधी बघा. आमच्याकडे की नव्हतीच. मी मागितलीही नव्हती.

प्लॅटिनमचं कोटेशन अजून ड्रॉवरमध्ये आहे. ब्रँडिंगची फाइल मी त्याच आठवड्यात काढून टाकली आणि पान रिफ्रेश केलं. निळा लोगो गेला, लाल चौकोनात झॅबिक्स आलं. ज्युनिअर मागून बघत होता. म्हणाला, “सर, आता प्रिंटरपण जोडू का?”