गाणं घरी रेकॉर्ड करू का स्टुडिओत जाऊ?

स्वतःची चाल आहे, गळा बरा आहे, थोडे पैसे साठलेत, आता माईक घ्यायचा का स्टुडिओ बुक करायचा, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी.

घरचा खर्च एकदाच. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), कंडेन्सर माईक (त्याला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर इंटरफेसच देतो), हेडफोन, झालं. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर ६० दिवस वापरून बघा, मग ६० डॉलर. रात्री दोनला गा, कितीही टेक घ्या, कोणी घड्याळ बघत नाही.

गोची इथेच आहे. माझ्याकडे एका अंतऱ्याचे ४३ टेक पडलेत आणि त्यातला कुठला ठेवायचा ते अजून ठरत नाहीये, कारण ठरवणारी पण मीच. स्टुडिओत रेकॉर्डिस्ट दादा काचेपलीकडून म्हणाले, "ताई, 'प' माईकवर आदळतोय, जरा तिरकं उभं राहून म्हणा", दहा सेकंदात काम झालं. पूर्वी फिल्मच्या गाण्याला गायक, वादक, अरेंजर, रेकॉर्डिस्ट सगळे एकदमच हजर असायचे, एकजण चुकला की परत पहिल्यापासून. कॉम्प्युटर आल्यावर माणसं कमी झाली पण त्यांची कामं कुठे गेली, ती आली आपल्या अंगावर.

खोलीचं म्हणाल तर कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर गोधडी टांगून आवाज चांगला येतो, फक्त मे महिन्यात पंखा बंद करून गायची तयारी ठेवा, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून घ्या. गाताना सॉफ्टवेअरमधला बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून घेतो तो आकडा) १२८ वर आणा, १०२४ ठेवलात तर ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने असताना, २१ मिलिसेकंद तिथेच जातात आणि स्वतःचाच आवाज कानात मागून येतो.

ढोलकीचा मात्र घरी नाद सोडा. शाईला (उंच आवाजाची बाजू) वेगळा माईक, धुमला (खर्जाची बाजू) वेगळा, आणि छोट्या खोलीत धुम नुसती घुमत राहते.

माझं मत विचाराल तर आवाज घरी, ढोलकी-तबला स्टुडिओत, मिक्सिंग (सगळे आवाज एकत्र बसवणं) दुसऱ्या कानांकडे. २४ बिटच्या वेव फाइल पाठवा, एमपीथ्री नको, आणि सगळे ट्रॅक एकाच जागेपासून सुरू झालेले असू द्या, नाहीतर मिक्सिंग करणारा बिचारा जुळवत बसेल.

आणि एकच गाणं करायचं असेल, आईच्या साठीला वगैरे, तर माईक घेऊच नका, दोन तास बुक करा. फक्त मागच्या संगीताचा ट्रॅक पेनड्राइव्हवर तयार न्या, तिथे जाऊन पट्टी काळी चार का काळी पाच करत बसलात तर अर्धा तास तिथेच गेला.