गार्मिन ईट्रेक्स १०: खानापूरच्या जंगलात गस्तीला कितपत चालतो?

खिशात स्मार्टफोन असताना वेगळा जीपीएस कशाला, हा प्रश्न जून लागला की आपोआप मिटतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबी-आमगावच्या पावसात, ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. रेंज नसलेल्या जागी फोन नेटवर्क शोधतच बॅटरी संपवतो (फोनची रेंज, फॉरेस्टची रेंज, म्हणजे वनखात्याचं क्षेत्र, तर सगळीकडेच आहे). ईट्रेक्स १० या गार्मिनच्या हातात धरायच्या जीपीएस यंत्राला टच नाहीच. वर अंगठ्याने हलवायची छोटी दांडी, बाजूला बटणं, २.२ इंची काळा-पांढरा पडदा. उन्हात हा पडदा फोनपेक्षा स्वच्छ दिसतो. पेन्सिल सेलची जोडी वीसेक तास जाते आणि सेल संपले तरी आतली नोंद पुसली जात नाही.

त्यात तपशीलवार नकाशा मात्र मावत नाही. आतली मेमरी १० एमबी, कार्डाची सोय नाही. होकायंत्रही आपण चालत असतानाच दिशा दाखवतं. थांबलात की बाण भरवशाचा नाही. म्हणून वाट शोधायला हा घेऊ नये. बिंदू (एखादी जागा) आणि माग (चाललेल्या वाटेची रेघ, ट्रॅक) नोंदवायला घ्यावा. त्या कामाला तो चोख आहे, पण सेटिंग बघूनच हातात धरला तर.

सर्वांत महागात पडणारी चूक पोझिशन फॉरमॅटची, म्हणजे अक्षांश-रेखांश दाखवायच्या पद्धतीची. कारखान्यातून तो अंश आणि दशांश मिनिटांवर लावलेला येतो, म्हणजे पडद्यावर १५ अंश ३५.२५० मिनिटं असं दिसतं. महजर (जागेवरचा पंचनामा) लिहिताना घाईत ते ‘१५ अंश ३५ मिनिटं २५ सेकंद’ असं उतरतं. खरं तर ०.२५० मिनिट म्हणजे १५ सेकंद. अक्षांशाचा एक सेकंद जमिनीवर साधारण ३१ मीटर, तेव्हा दहा सेकंदांत तीनशे मीटरचा घोळ. भीमगड अभयारण्याच्या हद्दीजवळ एवढ्यात तोडीची जागा आतली की बाहेरची हेच बदलतं. आत असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो, बाहेरच्या राखीव जंगलात १९६३ चा कर्नाटक वन कायदा. एवढं तर वकील पहिल्याच तारखेला काढेल. सेटअपमध्ये जाऊन सेक्शनच्या (रेंजच्या एका भागाच्या) सगळ्या यंत्रांवर एकच फॉरमॅट लावावा आणि तो कागदावर आकड्याशेजारी लिहावा. डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा आधार) डब्ल्यूजीएस ८४ च ठेवावा. जुन्या टोपोशीटचा (सर्वेक्षण नकाशाचा) आधार एव्हरेस्ट नावाच्या वेगळ्या डेटमचा असतो. ते आकडे थेट भरले तर बिंदू सरकतो.

दुसरी गोष्ट मागाची. चालू मागात १०,००० बिंदू मावतात आणि भरलं की जुने त्यातून निघून नवे बसतात. दर सेकंदाला नोंद लावली तर पावणेतीन तासांतच भरतं, मग संध्याकाळी बघावं तर चालू मागातून सकाळची फेरी गायब. दर ३० सेकंदांना लावलं की ८३ तास जातात, आणि ताशी तीन किलोमीटरच्या चालीला बिंदू २५ मीटरवर पडतात. गस्तीला तेवढं पुरे. फेरी संपली की माग नावाने सेव्ह करून जुना लॉग साफ करावा, नाहीतर दोन दिवसांच्या मागात एक सरळ रेघ घुसते आणि वरचा साहेब विचारतो, ‘दरीवरून उडत गेलात काय?’

दाट झाडीत आणि ओढ्याच्या घळीत आकडा डोलतो. कमरेच्या पाउचमध्ये ठेवला तर अर्धं आभाळ आपलंच अंग झाकतं. सॅकच्या खांदापट्टीला वर तोंड करून बांधावा. निघण्याआधी मोकळ्यावर पाच मिनिटं चालू ठेवावा. बिंदू घेताना जागेवर थांबावं, अचूकतेचा आकडा खाली येऊ द्यावा, मग दांडी दाबून धरावी. कॅमेरा ट्रॅपच्या (प्राण्यांचे आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या) खांबासारख्या कायमच्या जागेला वेपॉइंट अॅव्हरेजिंग, म्हणजे एकाच बिंदूची अनेक मोजणींची सरासरी, वापरावं. बारापेडे गुहेसारख्या ठिकाणी आत काही मिळणार नाही. बिंदू तोंडाशीच घ्यावा.

क्षेत्र मोजायची सोय वणव्याच्या जळिताला छान आहे: स्टार्ट करून कडेने फिरून या, एकर हातात. अतिक्रमणाच्या लहान तुकड्याला मात्र नको. दहा गुंठ्यांच्या चौकोनाची बाजू ३२ मीटर. ती तीन मीटरने वाढली तरी दोन गुंठे वाढतात. तिथे टेपच लावावा.

पाण्याचं रेटिंग आयपीएक्स ७ आहे, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. पण ते मागचं झाकण कडी फिरवून घट्ट बसलं असेल आणि यूएसबीवरचं रबर दाबलेलं असेल तरच. झाकणाच्या रबरात वाळूचा कण अडकला तरी पाणी शिरतं. रिचार्जेबल सेल घातले तर सिस्टिममध्ये बॅटरी टाइप एनआयएमएच (रिचार्जेबल सेलचा प्रकार) करावा. अल्कलाइनवर राहिला तर बॅटरीची पट्टी भलतंच दाखवते. कपाटात ठेवताना सेल काढावेत, गळले तर आतल्या स्प्रिंगा हिरव्या पडतात.

मॉडेल २०११ चं आहे आणि केबल अजून मिनी यूएसबीची, जी आता प्रत्येक दुकानात मिळत नाही. जुना घेत असाल तर दांडी चारही बाजूंना हलवून बघा, मागची कडी आणि रबर बघा, आणि यूएसबी लावून एक माग संगणकावर उतरवून बघा. त्याशिवाय पैसे देऊ नका.