लाँड्रीची एक पिशवी आणि दोन वेगळ्या शिड्या: रॉयल कॅरिबियन–सेलिब्रिटी स्टेटस मॅच, बऱ्याच वापरानंतर

रॉयल कॅरिबियन आणि सेलिब्रिटी या एकाच ग्रुपच्या क्रूझ लाइन. वारंवार प्रवास करणाऱ्याला दोन्हीकडे पायरीपायरीने स्टेटस मिळतं, आणि एकीकडचं स्टेटस दुसरीकडे मानलं जाणं म्हणजे स्टेटस मॅच. सेलिब्रिटीवर एलिट या लेव्हलला लाँड्रीची एक पिशवी फुकट मिळते. हा स्टेटस मॅच करून घ्यायला तेवढं एक कारण मला पुरेसं वाटतं. प्रायॉरिटी चेक-इन, कॅप्टनच्या सहीचं पत्र, स्वागताचा कार्यक्रम या गोष्टी असल्या काय, नसल्या काय. धुतलेले कपडे घड्या घालून केबिनमध्ये परत येतात आणि सामान एका बॅगेत मावतं, हा फायदा खराखुरा आहे. तो रॉयलवर एलिटच्या तोडीच्या डायमंडला मिळत नाही. रॉयलच्या जोरावर सेलिब्रिटीवर मात्र मिळतो. गंमत इथूनच सुरू होते आणि वैतागही.

रॉयलचा क्राउन अँड अँकर आणि सेलिब्रिटीचा कॅप्टन्स क्लब या लॉयल्टी कार्यक्रमांची जुळणी जुनीच आहे. रॉयलने सेलिब्रिटी १९९७ मध्ये घेतली. २०२४ मध्ये ग्रुपमधल्याच महागड्या सिल्व्हरसी लाइनचा व्हेनिशियन सोसायटी हा कार्यक्रमही त्यात आला आणि वरच्या लेव्हल कुठे जुळवायच्या हे भांडण मिटलं. रॉयलचं डायमंड म्हणजे सेलिब्रिटीचं एलिट, डायमंड प्लस म्हणजे एलिट प्लस, पिनॅकल म्हणजे झेनिथ. झेनिथला प्रीमियम ड्रिंक पॅकेज आणि वायफाय मिळतं, त्यामुळे पिनॅकलवाल्यांची तेव्हा खरोखर चांदी झाली. बाकीच्यांनी फार हुरळून जायचं कारण नाही.

कारण जुळतं ते फक्त स्टेटस. शिडी २०२५ पर्यंत जुळत नव्हती; २०२६ पासून काय बदललं ते पुढे येईल. सेलिब्रिटीवर दहा रात्री काढल्या की कॅप्टन्स क्लबचे पॉइंट जमा होत, क्राउन अँड अँकरचा आकडा होता तिथेच राही. रॉयलवर एमराल्ड (डायमंडच्या खालची लेव्हल) असलेल्या आणि डायमंडला वीसेक पॉइंट कमी पडणाऱ्या माणसाने मधेच सेलिब्रिटीची दोन आठवड्यांची सफर केली, तर डायमंडच्या दिशेने तो एक इंचही सरकत नसे. उलट्या बाजूनेही तसंच. मॅचने मिळालेलं एलिट हे उसनं एलिट. पुढचं एलिट प्लस हवं असेल तर कॅप्टन्स क्लबमध्ये स्वतःचे पूर्ण ७५० पॉइंट करा, नाहीतर रॉयलवर १७५ गाठा. दोन्हीकडचं अर्धं अर्धं मिळून एक पूर्ण होत नव्हतं.

मग पॉइंट कुठे कमवावेत? लोक आवडत्या जहाजावर कमवतात. हिशेब केला तर उत्तर केबिनवर ठरतं. रॉयलवर रात्रीला एक पॉइंट, ज्युनियर स्वीट आणि त्यावरच्या खोल्यांना दोन. एकट्याने दोघांचं भाडं भरलं तर आणखी एक. सेलिब्रिटीवर इनसाइड (बिनखिडकीची खोली) आणि ओशन व्ह्यूला (खिडकीची खोली) रात्रीला २, बाल्कनीला ३, त्यावरच्या कॉन्सिअर्ज आणि अ‍ॅक्वाक्लास या श्रेणींना ५, स्काय स्वीटला ८, त्यापुढे १२ आणि सगळ्यात वरच्या स्वीटला १८. डायमंडला ८० लागतात, एलिटला ३००.

आता भागाकार करा. इनसाइडमध्ये राहणाऱ्याला रॉयलवर डायमंडसाठी ८० रात्री, तर सेलिब्रिटीवर एलिटसाठी तब्बल १५०. बाल्कनीत ८० विरुद्ध १००. म्हणजे साध्या खोलीत राहणाऱ्याने रात्री रॉयलवर मोजाव्यात आणि लाँड्री सेलिब्रिटीवर धुवून घ्यावी. कॉन्सिअर्ज किंवा अ‍ॅक्वाक्लास घेणाऱ्याचं गणित मात्र उलटं: ३०० भागिले ५, म्हणजे ६० रात्री. त्याने रॉयलकडे वळूच नये. स्काय स्वीट आणि रॉयलचा ज्युनियर स्वीट जवळपास बरोबरीत, ३८ विरुद्ध ४०. पण भाड्यातला फरक बघता रॉयलचा ज्युनियर स्वीट हीच स्वस्तातली शिडी. एकट्याने दुप्पट भाडं भरून रॉयलच्या इनसाइडमध्ये प्रवास केला तरी ४० रात्रींत डायमंड होतं. एकट्याला पडणाऱ्या भुर्दंडातून परत येणारी ही एकमेव गोष्ट, तेव्हा ती सोडू नये.

वर गेलं की दरी रुंदावते. पिनॅकलला ७००, झेनिथला ३०००. इनसाइडने झेनिथ गाठायचं तर १५०० रात्री, म्हणजे चार वर्षांहून जास्त काळ समुद्रातच. तीच लेव्हल रॉयलवरून ७०० रात्रींत मॅच होते. ज्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून मॅच मंजूर केला, त्याला एकतर गणित येत नसावं किंवा फार चांगलं येत असावं.

पिशवीकडे परत येतो. कपाटात लाँड्रीची पिशवी आणि फॉर्म असतो. फॉर्मवर कपड्यांची संख्या लिहायची आणि ही लॉयल्टीची पिशवी आहे हे ठळक लिहायचं. ते लिहिलं नाही तर नगावर दर लागतो, आणि जहाजावरचा नगाचा दर पाहिला की तो शर्ट पुन्हा घालावासा वाटत नाही. कपडे घडी करून न भरता घट्ट गुंडाळून उभे भरले तर त्याच पिशवीत बरेच जास्त मावतात. तोंड बंद होईल इतपतच भरा. लोकर, लिनन आणि नवा रंगीत सुती कपडा यात घालू नये. जहाजावरची लाँड्री कडक उष्णतेत वाळवते, कपडे आटतात. ड्राय-क्लीनिंगचे कपडे तर मुळीच नाहीत, ते वेगळ्या दराने बिलात बसतात. सात रात्रींच्या सफरीत पिशवी तिसऱ्या-चौथ्या दिवशी द्यावी. लवकर दिली तर धुण्यासारखं काही साठलेलं नसतं, आणि शेवटच्या दोन दिवसांत सगळे एलिट एकदम जागे होतात. कपड्यांवरचे छोटे टॅग घालण्याआधी काढा, कॉलरला टोचतात. रक्कम कधी आधी पूर्ण लागते आणि मग वजा होते, म्हणून उतरायच्या आदल्या रात्री फोलिओमध्ये, म्हणजे जहाजावरच्या बिलात, दोन्ही नोंदी दिसतात का ते पाहावं. उतरल्यावर पत्रव्यवहार करून तेवढे डॉलर परत मिळवणं म्हणजे पोस्टेजला महाग.

ड्रिंक्सचं म्हणाल तर रॉयलवर डायमंडला दिवसाला ४, डायमंड प्लसला ५, पिनॅकलला ६ व्हाउचर थेट सीपास कार्डावर (जहाजावरचं ओळख आणि खर्चाचं कार्ड) येतात. ती ठराविक किमतीपर्यंतच्या पेयांना चालतात आणि उरलेली दुसऱ्या दिवशी पुढे जात नाहीत. सेलिब्रिटीवर एलिटची ड्रिंक्स संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेला बांधलेली. दुपारी तलावाकाठी हवी असतील तर स्टेटसचा उपयोग नाही. त्यातही सेलिब्रिटीचं ड्रिंक पॅकेज आणि वायफाय धरलेलं भाडं घेतलं असेल, तर एलिटची ड्रिंक्स निरुपयोगीच ठरतात. म्हणून म्हटलं, उरते ती लाँड्री. उलट बाजूने, सेलिब्रिटीचा एलिट रॉयलवर आला तर त्याचा फायदा जास्त: दिवसाला चार ड्रिंक्स, एक दिवसाचं वायफाय, डायमंड लाउंज. दोघांना मिळून पॅकेज न घेता भागतं. रॉयलवर एका खोलीतल्या एका प्रौढाने पॅकेज घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं, हे लक्षात घेतलं की या आठ व्हाउचरची किंमत कळते.

जोडणीत कटकटी होतात त्या जवळजवळ ठरलेल्या. दोन्ही कार्यक्रमांचे क्रमांक वेगळे असतात. सेलिब्रिटीच्या बुकिंगवर कॅप्टन्स क्लबचाच क्रमांक हवा. तिथे क्राउन अँड अँकरचा क्रमांक देऊन काही होत नाही. आधी कॅप्टन्स क्लबमध्ये नाव नोंदवा, दोन्ही खात्यांवर नाव आणि जन्मतारीख पासपोर्टप्रमाणे अक्षरशः एकसारखी करा, मग जोडणी मागा. मधलं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, लग्नानंतरचं आडनाव एकाच खात्यात बदललंय, जुन्या एजंटने बुकिंग करताना तिसरंच नवं खातं उघडून ठेवलंय: मॅच अडतो तो बहुतेक या तीनपैकी एका कारणाने. तिसरा प्रकार सगळ्यात त्रासदायक. त्यात स्टेटस एका खात्यात आणि बुकिंग दुसऱ्यात असतं, आणि फोनवरचा माणूस समोरच्या स्क्रीनवर जे दिसतं तेच खरं मानतो. दुहेरी खाती आधी एकत्र करून घ्या, जोडणी त्यानंतर. नवरा-बायकोने आपापली खाती स्वतंत्रपणे जोडावीत, एकाचं झालं म्हणजे दुसऱ्याचं आपोआप झालं असं धरून चालू नये.

दुसरी कटकट वेळेची. रॉयलवर सफर संपताना नवी लेव्हल गाठली आणि त्याच बंदरातून दुसऱ्या दिवशी सेलिब्रिटीवर चढलात, तर तिथे जुनंच स्टेटस दिसणार. पॉइंट सफरीनंतर चढतात, मॅच त्याच्याही नंतर सरकतो. मध्ये दोनेक आठवडे असतील तर बरं. नसतील तर रॉयलच्या अ‍ॅपमधल्या पॉइंटच्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन लॉयल्टी डेस्कवर पहिल्याच दिवशी जावं. डेस्कवरच्या माणसाच्या हातात थोडं असतं. गेस्ट रिलेशन्सच्या रांगेत उभं राहून काही हाती लागत नाही. चेक-इनच्या कागदावर लेव्हल चुकीची छापली असेल तर ती जहाजावर चढण्याआधी दुरुस्त करून घेणं सगळ्यात सोपं.

इथवर लिहिलेल्या तक्रारीतला मोठा भाग आता सौम्य करायला हवा. पॉइंट्स चॉइस नावाची सोय २०२६ पासून आली. एका लाइनवर केलेल्या सफरीचे पॉइंट ग्रुपमधल्या दुसऱ्या लाइनच्या खात्यात घ्यायचे का, हे आता प्रवाशाने ठरवायचं. म्हणजे वरचा एमराल्डवाला सेलिब्रिटीवर फिरूनही डायमंडकडे सरकू शकतो. पण एकच रात्र दोन्हीकडे मोजली जात नाही. निवड करायची ती आकडेमोड करून: बाल्कनीपर्यंतच्या खोलीतली रात्र रॉयलच्या शिडीवर जास्त वजनदार ठरते का, हे त्या सफरीचे पॉइंट दोन्ही बाजूंनी मांडून पाहावं, मग बोट दाबावं. आणि उंबरठ्याजवळ असलेल्याने डोळे मिटून तिकडेच पॉइंट द्यावेत. मधल्या लेव्हलला लोंबकळत राहण्याने काही मिळत नाही, फायदे उंबरठा ओलांडल्यावरच सुरू होतात.

सिल्व्हरसीबद्दल दोन ओळी पुरेत. तिथे पेयं, वायफाय, बटलर सगळं भाड्यातच आहे. डायमंडची ड्रिंक्स तिथे नेऊन करायचं काय? खालून वर गेलं की स्टेटस विरघळतं. वरून खाली आलं तर ते हाताला लागतं. व्हेनिशियन सोसायटीत ३५० दिवसांवर मिळणारी मोफत सफर मॅचने मिळत नाही, जशी रॉयलवर ७०० पॉइंटला मिळणारी सफर सेलिब्रिटीवाल्याला मिळत नाही. स्वतःच्या आकड्याला बांधलेली बक्षिसं स्वतःच कमवावी लागतात, आणि हे मला रास्त वाटतं.

नॉर्वेजियनच्या ग्रुपनेही २०२५ मध्ये नॉर्वेजियन, ओशिआनिया आणि रीजंट यांच्यात एकमेकांचं स्टेटस मानायचं जाहीर केलं. तिथेही तोच नियम. रीजंटवर लाँड्रीसकट सगळं भाड्यात असल्याने नॉर्वेजियनचा प्लॅटिनम लेव्हलचा प्रवासी तिथे जाऊन काय मागणार? रीजंटचा जुना प्रवासी नॉर्वेजियनवर आला तर मात्र स्पेशालिटी रेस्टॉरंटमधली जेवणं त्याच्या पदरात पडतात.

कार्निव्हल कॉर्पोरेशनकडे ब्रँड सगळ्यात जास्त, पण कार्निव्हलच्या डायमंडला प्रिन्सेसवर वर्षानुवर्षे नवख्यासारखंच सुरू करावं लागलं. आता कार्निव्हल २०२६ मध्ये रात्री मोजणं सोडून खर्च मोजणाऱ्या कार्निव्हल रिवॉर्ड्सकडे जात आहे, आणि स्टेटस कायमचं न राहता मुदतीचं होत आहे. प्रिन्सेसवर सोळाव्या सफरीपासून किंवा १५१ व्या दिवसापासून एलिट. खर्चाची शिडी आणि दिवसांची शिडी एकमेकींना कशी टेकवणार? त्या ग्रुपच्या बहीण ब्रँडमध्ये खरोखर वाटून मिळणारा फायदा लॉयल्टीचा नाहीच, शेअरचा आहे: १०० शेअर असले की सफरीच्या लांबीनुसार ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावर खर्चायला मिळणारी रक्कम), आणि ते अनेक ब्रँडवर चालतं. रॉयल आणि नॉर्वेजियनकडेही १०० शेअरचीच अट आहे. अर्ज सफरीच्या आधी, ताज्या होल्डिंग स्टेटमेंटसह करायचा, खाते क्रमांक काळा करून. मात्र तेवढ्यासाठी शेअर विकत घेणं म्हणजे लाँड्रीच्या पिशवीसाठी वॉशिंग मशीन घेण्यासारखं आहे; आधीपासून असतील तर क्रेडिट सोडू नका, एवढंच.

आणि बहीण कायम बहीण राहीलच असं नाही. रॉयलच्याच ग्रुपमधली अझामारा २०२१ मध्ये सायकामोर पार्टनर्सला विकली गेली, आणि सेलिब्रिटी–रॉयलबरोबरची तिची जुळणी संपली. ज्यांनी अझामाराच्या ल क्लब व्होयाजमध्ये रात्री साठवल्या होत्या, त्यांच्या रात्री तिथे राहिल्या. रॉयलवरचं उसनं स्टेटस मात्र गेलं. म्हणून पॉइंट कुठे टाकायचे हे ठरवताना ग्रुपमधल्या सगळ्यात मोठ्या लाइनकडे झुकतं माप द्यावं. छोटी लाइन विकली जाते, मोठी सहसा नाही.