धम्मयात्रेच्या नावाने आमचे १,८०,८०० रुपये गेले

आई, मावशी, माझे मिस्टर आणि मी असे चौघे १६ नोव्हेंबर २०२४ ला तेरा दिवसांच्या धम्मयात्रेला निघालो. बुद्धगया, राजगीर, नालंदा, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती, दिल्ली आणि शेवटी पहाडात, हिमाचलातलं धर्मशाळा हे शहर, असा कार्यक्रम छापील कागदावर होता. सातव्या दिवशी आम्ही वाराणसीच्या एका लॉजच्या जिन्यात बॅगा घेऊन बसलो होतो आणि यात्रा नेणाऱ्याचा फोन बंद होता. गटात बावीस जण होते. त्यातले अकरा आमच्या विहारातले. आणि त्या अकरातल्या सात बायकांना "चला हो, माणूस चांगला आहे" असं मीच सांगितलं होतं. पैशांपेक्षा हे मला जास्त खातं. म्हणून इतके महिने लिहिलं नाही. आता मात्र कळलं, की तोच माणूस वेगळ्या नावाने दुसऱ्या जिल्ह्यात बुकिंग घेतोय.

तो आमच्याकडे वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या धम्मश्रवणाच्या महिन्यांत आला. रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालायचं, तिथे पांढरा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसायचा. वंदना तोंडपाठ. सरणत्तय, म्हणजे बुद्ध-धम्म-संघाला शरण जाण्याची पाली प्रार्थना म्हणताना डोळे मिटायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने खीरदान केलं आणि मग उभा राहून म्हणाला, "जय भीम, मी धंदा करत नाही, मी आपल्या लोकांना बुद्धभूमी दाखवतो." आई एकाहत्तर वर्षांची. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा दिली तेव्हा ती माझ्या आजीच्या कडेवर होती, हे ती अजून सांगते. तिने आयुष्यात एकच मागितलं होतं, बुद्धगया. तो तिला पहिल्याच दिवशी "माय" म्हणाला. पुढचं सगळं त्या एका शब्दावर चाललं.

रकमा नीट लिहिते, कारण लोक विचारतात आणि आम्ही लाजेने कमी सांगतो. माणशी ३८,५०० रुपये, चौघांचे १,५४,०००. त्यातले २०,००० बुकिंगचे यूपीआयने, ९४,००० बँकेतून आणि ४०,००० रोख. रोखीची पावती नाही. मग नेपाळच्या परमिटचे म्हणून माणशी २,२००, म्हणजे ८,८००. धर्मशाळेत दलाई लामांच्या "विशेष दर्शनाचे" माणशी ४,५००, म्हणजे १८,०००. एकूण १,८०,८००. यातले साठ हजार आईची मुदत ठेव मोडून भरले होते.

लगेच सांगून टाकते. लुंबिनी नेपाळात आहे, पण भारतीय माणसाला नेपाळला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र जवळ ठेवायचं. माणशी परमिट वगैरे काही नसतं, परवाना लागतो तो गाडीला. आणि धर्मशाळेतल्या प्रवचनांना पैसे लागत नाहीत, नावनोंदणी करावी लागते एवढंच. कुणी दर्शनाचे पैसे मागितले तर तिथेच उठा.

आता तो क्षण. गेले पाच महिने मी तोच पुन्हा पुन्हा पाहतेय.

सप्टेंबरात त्याने छापील कार्यक्रम दिला. मी तो जेवणाच्या टेबलावर ठेवून वाचत होते, मुलगा शेजारी अभ्यास करत होता. सातव्या दिवसासमोर लिहिलं होतं, "शुक्रवार, २२ नोव्हेंबर, सारनाथ, संग्रहालय, अशोकाचे सिंहशीर्ष." मुलाने मोबाईलवर पाहिलं आणि म्हणाला, "आई, सारनाथचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं." मी त्याच्या हातातून फोन घेऊन स्वतः वाचलं. खरंच होतं. दर शुक्रवारी बंद. वर्षानुवर्षं याच मार्गावर लोकांना नेणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल? "हा माझा सतरावा गट" असं तो विहारात सांगत होता. सतरा वेळा गेलेल्या माणसाला सारनाथचा शुक्रवार तोंडपाठ असायला हवा. मला हे त्याच वेळी कळलं होतं. नंतर सुचलेलं शहाणपण नाही हे. त्या टेबलावर, तो कागद हातात असताना, माझ्या मनात स्वच्छ आलं की हा माणूस तिथे कधी गेलेलाच नाही, त्याने कुठून तरी उतरवून घेतलंय.

मी त्याला फोन केला. तो हसला. "ताई, आपल्या गटासाठी स्पेशल परवानगी काढलीय, तुम्ही टेन्शन घेऊ नका." आणि मी फोन ठेवला. सरकारी संग्रहालय आमच्या बावीस जणांसाठी सुट्टीच्या दिवशी उघडणार, यावर मी विश्वास ठेवला. कारण आत आई मावशीला सांगत होती की नोटेवरचे सिंह आता खरे बघायला मिळणार. त्या आवाजापुढे मला तो कागद परत टेबलावर ठेवावासा वाटला, आणि मी ठेवला. दुसऱ्या दिवशी जाऊन ९४,००० भरले.

मी शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं हिशेब सांभाळते. कुणाच्या बिलावर शिक्का नसेल तर मी ते परत पाठवते. इथे मात्र यूपीआयवर बुकिंगचे पैसे पाठवताना संस्थेच्या नावाऐवजी एका बाईचं नाव दिसलं, तरी मी पुढे गेले. "मिसेसचं खातं आहे ताई, कंपनीच्या खात्याची लिमिट संपली." ही लिमिटची थाप तुम्हीही ऐकली असेल. पैसे पाठवायच्या आधी स्क्रीनवर जे नाव येतं ते वाचा. व्यक्तीचं असेल तर पाठवू नका, समोरचा कितीही हात जोडू दे.

पावतीवर जीएसटी नंबरही होता, आणि त्यानेच मी निश्चिंत झाले. परत आल्यावर पोर्टलवर टाकला तर दुसऱ्याच कुठल्या तरी धंद्याच्या नावाने निघाला, नोंदणीही रद्द झालेली. नुसता पाहिला असता तरी कळलं असतं, कारण महाराष्ट्रातल्या नोंदणीचे पहिले दोन अंक २७ असतात आणि याचे ०७ होते, दिल्लीचे. तपासायला दोन मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत.

प्रवासाचं थोडक्यात. थ्री टियर एसी सांगून स्लीपरमध्ये बसवलं. बुद्धगयेत महाबोधी महाविहाराच्या "विशेष प्रवेशासाठी" त्याच्या माणसाने प्रत्येकाकडून ५०० गोळा केले. तिथे प्रवेश मोफत आहे, फक्त मोबाईल आत नेता येत नाही, बाहेर जमा करावा लागतो. हे दोन हजार मी वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. राजगीरला रोपवेचं तिकीट "समाविष्ट" होतं, ते आम्हीच काढलं. तोपर्यंतही गटातलं कुणी बोललं नाही. आई बोधिवृक्षाखाली तासभर बसली होती, बुद्धांना ज्ञान झालं त्या जागेकडे, वज्रासनाकडे बघत, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला रोपवेच्या तिकिटावरून भांडावंसं वाटलं नाही. बाकीच्यांचंही तसंच झालं असणार. श्रद्धेच्या जागी माणूस भांडत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

२१ तारखेच्या रात्री वाराणसीला पोचलो. तो म्हणाला, "मी पुढे गोरखपूरला जातो, नेपाळच्या बसचं बघतो, उद्या सारनाथ करून घ्या." सकाळी आम्ही रिक्षा करून सारनाथला गेलो. संग्रहालय बंद. आई गेटबाहेर उभी राहून मला विचारत होती, "परवानगी काढली होती ना गं?" मी त्याला अकरा फोन केले. अकराव्यानंतर मी थांबले, कारण मला उत्तर सप्टेंबरातच मिळालं होतं. धमेक स्तूपाला प्रदक्षिणा घालून आम्ही लॉजवर परतलो, तर मॅनेजरने खोल्यांना कुलपं लावलेली. त्याला एक पैसा मिळाला नव्हता. बॅगा सोडवायला आमच्या दोन खोल्यांचे ४,४०० भरले. परतीची तिकिटं म्हणून दिलेल्या कागदांवरचे पीएनआर टाकले, एकही खरा नाही. तुमच्या हातात तिकीट आलं की त्याच दिवशी पीएनआर स्वतः तपासा, निघायच्या आदल्या रात्री नव्हे. चौघांची तात्काळ तिकिटं ७,४४०. मावशीचा रक्तदाब वाढला होता, ती पूर्ण रात्र खिडकीला टेकून बसून आली.

आता पोलिसांचं.

वाराणसीत ठाण्यात गेलो. "आप लोग महाराष्ट्र जाकर लिखवाइए, पैसा वहाँ दिया है." ठीक. इथे आलो, आमच्या भागातल्या ठाण्यात गेलो. "घटना तिकडे घडली, तिकडे करा." मी म्हटलं, साहेब, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी तक्रार घ्यावी लागते, झीरो एफआयआर. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "वकील आहात का?" मग पुढचं वाक्य, जे मी मरेपर्यंत विसरणार नाही. "बाई, सहा दिवस फिरलात ना? मग फसवणूक कुठे झाली? हा दिवाणी वाद आहे."

बनावट तिकिटं देणं दिवाणी? बंद संग्रहालयाची परवानगी विकणं दिवाणी? फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, ते कुणासाठी ठेवलंय? तिसऱ्या फेरीला अर्ज घेतला, पोच दिली नाही. चौथ्या फेरीला अर्ज सापडत नव्हता. पाचव्या वेळी आई सोबत आली, तिला बाकड्यावर दोन तास बसवून ठेवलं आणि मग सांगितलं की साहेब बंदोबस्तावर गेलेत. बँकेत गेले तर "तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार." सायबरवाल्यांनी सांगितलं की माणूस तुम्हाला प्रत्यक्ष भेटला होता, हा सायबर गुन्हा नाही. पर्यटन खात्याच्या ऑफिसात म्हणाले, तो आमच्याकडे नोंदलेलाच नाही, मग कारवाई कुणावर करू? म्हणजे नोंदणी न करता लुटलं तर कुणीच विचारणार नाही. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, महिन्याने मेसेज आला की कंपनीकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद. प्रतिसाद देत नाही म्हणूनच तर मी तक्रार केली होती! प्रत्येक टेबलाने मला दुसरं टेबल दाखवलं, आणि प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न: "चाळीस हजारांची पावती कुठाय?" पावती नाही. तेवढ्यापुरती चूक माझी, मान्य. पण उरलेल्या १,४०,८०० चे बँकेचे उतारे मी प्रत्येकासमोर ठेवले, त्याकडे कुणी पाहिलं नाही.

म्हणून रोख देऊ नका. दिलीच तर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. ठाण्यात अर्ज घेत नसतील तर कलम १७३(४) खाली तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, शहरात उपायुक्तांना. मी ते केलं तेव्हा पहिल्यांदा कुणाचा तरी फोन आला. ऑनलाइन पैसे गेल्याचं लक्षात येताच, तासाभरात, १९३० ला फोन करा. आम्ही नऊ दिवसांनी केला, तोवर खातं रिकामं. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची मान्यता ऐच्छिक असते, त्यामुळे ती नसणारा प्रत्येक जण चोर नाही. पण कुणी "मान्यताप्राप्त" म्हणत असेल तर पत्र मागा. लॉजचं नाव कार्यक्रमात लिहून घ्या आणि लॉजला स्वतः फोन करून बुकिंग आहे का विचारा. "थ्री स्टार किंवा तत्सम" असं लिहिलं असेल तर ते काहीच नाही.

काही जण म्हणतात, विहारातल्या भानगडी बाहेर सांगू नका, लोक हसतील. एका काकांनी तर मला बाजूला घेऊन समजावलं की समाजाची बदनामी होते. मी त्यांना म्हटलं, बदनामी त्याने केली, वंदना म्हणून. आमच्या विहारात आता ठराव झालाय, कुठल्याही यात्रेचं बुकिंग विहाराच्या जागेत घ्यायचं नाही आणि नेणाऱ्याने कागद समितीपुढे ठेवल्याशिवाय माइक द्यायचा नाही. हा ठराव आईने मांडला.

ग्राहक आयोगात मी केस टाकली आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. दोन तारखा झाल्या, नोटीस "पत्त्यावर राहत नाही" म्हणून परत आली. आता त्या बाईच्या बँक खात्याचा पत्ता मागवायचा अर्ज दिलाय. बावीसपैकी आत्तापर्यंत नऊ जण सोबत आलेत. उरलेल्या तेरा जणांनी हे वाचलं तर बँकेचे उतारे, छापील कार्यक्रमाची प्रत आणि ती खोटी तिकिटं फाडून न टाकता विहारात आणून द्या. रविवारी वंदनेनंतर मी तिथेच बसते.