पाण्याचा वास की साखरेचा: ‘लो दिसे’ आणि ‘एंजल’ यांतून निवड करताना

डिझायनर परफ्यूमच्या दुकानात ‘पुरस्कारप्राप्त’ हा शब्द सढळ हाताने वापरला जातो, परंतु तो पुरस्कार नेमका कशाबद्दल मिळाला हे सांगणारा विक्रेता क्वचितच भेटतो. या व्यवसायातला सर्वांत परिचित सन्मान न्यूयॉर्कमध्ये १९४९ साली स्थापन झालेल्या फ्रॅग्रन्स फाउंडेशनचा आहे. १९७३ पासून दिले जाणारे हे पुरस्कार दीर्घकाळ ‘फिफी’ या नावाने ओळखले गेले. त्यांत सुगंधाबरोबर बाटलीची आणि वेष्टनाची रचना, इतकेच नव्हे तर जाहिरातही गौरवली जाते. त्यामुळे असा पुरस्कार एखाद्या परफ्यूमने आपल्या काळात काय नवे केले हे उत्तम सांगतो, मात्र तो वास मे महिन्यात दादरच्या फलाटावर तुमच्या अंगावर कसा येईल, याविषयी काहीच सांगत नाही.

हा फरक समजून घेण्यासाठी १९९२ हे एकच वर्ष पुरेसे आहे. त्या वर्षी जपानी वस्त्ररचनाकार इस्से मियाके यांचे ‘लो दिसे’ आणि फ्रेंच रचनाकार थिएरी म्युग्लर यांचे ‘एंजल’ ही स्त्रियांसाठीची दोन परफ्यूम बाजारात आली. पहिल्याला १९९३ मध्ये फिफी पुरस्कार मिळाला, तर दुसऱ्याला २००७ मध्ये फाउंडेशनच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले.

‘लो दिसे’ म्हणजे ‘इस्सेचे पाणी’. फ्रेंच उच्चारात त्यात ‘ओडिसी’ या शब्दावरची कोटीही दडलेली आहे. (मराठी कानाला त्यात ‘दिसे’ ऐकू यावे, ही निव्वळ गंमत, पण न दिसणाऱ्या पाण्याला ती शोभते.) मियाके यांना पाण्यासारखा स्वच्छ वास हवा होता आणि सुगंधकार जाक काव्हालिए यांनी तो कमळ, फ्रीझिया, सायक्लामेन अशा फुलांच्या कल्पनेभोवती रचला. अशा ‘जलीय’ परफ्यूमचा काळ घडवण्यात कॅलोन या रेणूचा वाटा मोठा आहे. १९६६ मध्ये फायझर या औषधकंपनीत सापडलेल्या या रेणूला समुद्राच्या वाऱ्याचा आणि कापलेल्या खरबुजाचा वास येतो. प्रत्यक्षात ‘लो दिसे’ लावल्यावर आठवते ते फुलवाल्याच्या बादलीतले, ताज्या देठांचा हिरवट वास उतरलेले पाणी. शंकूच्या आकाराच्या बाटलीवरील गोल टोपणामागे, मियाके यांना पॅरिसच्या घरातून आयफेल टॉवरवर दिसलेल्या चंद्राची प्रेरणा असल्याचे सांगितले जाते.

‘एंजल’ याच्या अगदी उलट दिशेने जाते. म्युग्लर यांना बालपणीच्या जत्रेतल्या मिठायांची आठवण बाटलीत हवी होती, आणि सुगंधकार ऑलिव्हिए क्रेस्प यांनी त्यासाठी एथिल माल्टोल भरघोस वापरले. हा पदार्थ म्हणजे हुबेहूब साखरेच्या कापसाचा, आपल्याकडच्या ‘बुढ्ढी के बाल’चा वास. एवढ्यावर थांबले असते तर ते लहान मुलांचे खेळणे ठरले असते. परंतु त्यांनी त्याच्याखाली पचौलीचा काळपट, मातकट थर मोठ्या प्रमाणात घातला. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून युरोपात जाणाऱ्या शालींच्या घड्यांत किडीपासून रक्षणासाठी जी सुगंधी पाने घालत, तीच ही पचौली. गोडवा आणि माती यांच्या या झटापटीतून खाद्यपदार्थांची आठवण देणाऱ्या परफ्यूमचा एक संपूर्ण वर्गच जन्माला आला, आणि आज दुकानात दिसणाऱ्या कॅरॅमल-व्हॅनिलाच्या असंख्य बाटल्या त्याच वंशातल्या आहेत. कलाकृती म्हणून मला ‘एंजल’ निःसंशय मोठे वाटते. रोज वापरायला मात्र मी ते सहज सुचवणार नाही.

कारण हवामानाचे आहे. उष्णतेने सुगंधी द्रव्ये अधिक वेगाने उडतात. हलके लिंबूवर्गीय व जलीय घटक लवकर संपतात आणि जड, गोड घटक दाटपणे पसरतात. मुंबई किंवा पणजीच्या दमट दुपारी ‘एंजल’चे तीन फवारे मारून लोकलच्या महिला डब्यात शिरणे म्हणजे शेजारणींच्या सहनशीलतेची परीक्षा पाहणे होय. तिथे एकच फवारा, तोही कपड्याखालच्या त्वचेवर, पुरेसा होतो. उलट पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात, किंवा थंड देशात राहणाऱ्या वाचकांना, ‘एंजल’ शालीसारखे ऊबदार वाटेल आणि ‘लो दिसे’ काहीसे पातळ. ‘लो दिसे’ मुळात ओ द त्वालेत या सौम्य प्रकारात आले आणि ‘एंजल’ ओ द पार्फम या अधिक सांद्र प्रकारात. साहजिकच पहिल्याचा दुपारनंतर दुसरा फवारा लागू शकतो, दुसऱ्याचा वास स्कार्फवर दुसऱ्या दिवशीही राहतो. ‘एंजल’ची ताऱ्याच्या आकाराची बाटली पुन्हा भरून घेता यावी अशा बेताने बनवलेली आहे, ही दीर्घकाळ वापरणाऱ्यांच्या दृष्टीने मोठी सोय आहे, मात्र तुमच्या शहरात तसे भरून मिळते का, याची चौकशी आधी करावी.

पुरुषांसाठी याच दोन घराण्यांनी काढलेल्या परफ्यूममध्ये हाच वाद पुढे चालतो. १९९४ च्या ‘लो दिसे पूर ऑम’मध्ये काव्हालिए यांनी युझू या जपानी लिंबाला जायफळ आणि लाकडाची जोड दिली. सकाळी आंघोळीनंतर, कार्यालयात, उन्हाळ्यात, कोठेही ते खटकत नाही. पहिली बाटली घेणाऱ्याला माझा सल्ला हाच राहील. १९९६ चे ‘ए-मेन’ जाक ह्युक्लिए यांनी कॉफी, कॅरॅमल, डांबर आणि पचौली यांतून घडवले. ते वेधक आहे, पण हट्टी आहे, आणि बंद वातानुकूलित खोलीत त्याचा हट्ट वाढतो. ‘स्त्रियांसाठी’ आणि ‘पुरुषांसाठी’ या पाट्या फार मनावर घेऊ नयेत. ‘एंजल’चा गोडवा जड वाटणाऱ्या स्त्रीला युझूची बाटली अधिक रुचण्याची शक्यता बरीच आहे.

आणखी एक बाब जुन्या पुरस्कारांवर विसंबणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. परफ्यूमची सूत्रे कालांतराने बदलतात. उदाहरणार्थ, फुलांच्या वासासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या लिलिअल या घटकावर युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून बंदी घातली आणि अनेक उत्पादकांना आपली मिश्रणे नव्याने जुळवावी लागली. तेव्हा एखाद्या परफ्यूमला तीस वर्षांपूर्वी मिळालेला गौरव आज हाती येणाऱ्या बाटलीला तंतोतंत लागू पडेलच, असे धरून चालू नये.

म्हणून कागदी पट्टीवर वास घेऊन लगेच पैसे देऊ नयेत. एका मनगटावर ‘लो दिसे’, दुसऱ्यावर ‘एंजल’ लावून दुकानातून बाहेर पडावे, उन्हात चालावे, जेवावे आणि चार-पाच तासांनी जे मनगट पुन्हा पुन्हा नाकाशी न्यावेसे वाटते त्याची बाटली घ्यावी, तीही शक्य तर लहान आकाराची. खरेदी करताना वेष्टनावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि आयात नोंदणी क्रमांक छापलेला आहे का, हे पाहावे. तो नसेल आणि किंमत संशयास्पद कमी असेल, तर ती बाटली तिथेच ठेवावी.